पीएनआर आला, पण तिकीट कुठे?

नौपाड्यातल्या एका ट्रॅव्हल एजन्सीच्या साइटला फ्लाइट बुकिंगचा एपीआय, म्हणजे बुकिंग सिस्टिमशी बोलायचा दुवा, आधीच जोडलेला होता. दुरुस्तीसाठी मला बोलावलं. एक काका काउंटरवर चिडून विचारत होते, "अहो, कन्फर्म असा मेसेज आहे, मग विमानकंपनी बुकिंग रद्द झालं असं का म्हणते?"

त्यांचा राग रास्त होता. लॉग, म्हणजे सिस्टिमच्या नोंदी, उघडले तर बुकिंगच्या कॉलला (एपीआयला पाठवलेल्या विनंतीला) सहा अक्षरी पीएनआर, म्हणजे बुकिंगचा नंबर, आणि तिकीट काढायची मुदत, दोन्ही आलेलं. साइट तेवढ्यावरच 'कन्फर्म' पाठवत होती. तिकीट काढण्याचा कॉल वेगळा, आणि तो टाइमआउट झालेला, म्हणजे त्याला वेळेत उत्तरच आलं नव्हतं. मुदत टळली, सीटा सुटल्या. पीएनआर म्हणजे तिकीट नव्हे, हे कोडला कुणी सांगितलंच नव्हतं.

आता डेटाबेसमध्ये होल्ड (सीट नुसती राखून ठेवलेली), पैसे जमा आणि तिकीट निघालं, अशा तीन वेगळ्या स्थिती ठेवल्यात. 13 अंकी तिकीट नंबर आल्याशिवाय मेसेज जात नाही. त्यातले पहिले तीन अंक विमानकंपनीचे, एअर इंडियाचे 098, तेही तपासतो. टाइमआउट झाला तर तोच कॉल लगेच परत मारायचा नाही. आधी पीएनआरवरून बुकिंग मागवून बघायचं. नाहीतर एकाच माणसाची दोन तिकिटं निघतात आणि रिफंडसाठी त्याला ताटकळावं लागतं, हे मला मुळीच पटत नाही.

मुदतीची वेळ टाइमझोनसकट साठवा. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, असेल तर भारतीय वेळेशी साडेपाच तासांचा फरक पडतो. लो-कॉस्ट कंपन्यांत बहुतेकदा पैसे भरताच बुकिंग पक्कं होतं, त्यांच्यासाठी वेगळी वाट ठेवली आहे.