नराराला जायचं तर आधी तिथी बघा: बडोद्याहून पावसाळी हवेत समुद्री जीव बघण्याची सहल

जामनगरजवळच्या नराराला जायचं ठरलं की रेल्वेचं आरक्षण नंतर, आधी कालनिर्णय उघडा. कच्छच्या आखातातल्या सागरी राष्ट्रीय उद्यानाचा (लोकांच्या बोलण्यात सरळ ‘मरीन पार्क’) हा कोपरा जमिनीला लागून आहे. होडी लागत नाही, ओहोटीत चालत प्रवाळापर्यंत जाता येतं. पण पाणी उतरलेलं असेल तरच. रविवार बघून निघालेली मंडळी अष्टमीला पोचतात, गुडघाभर गढूळ पाणी बघतात आणि ‘तिथे काही नाही’ म्हणत परत येतात.

भरती-ओहोटीचा हिशोब बडोदेकरांना अगदीच परका नाही. कावी-कंबोईचा स्तंभेश्वर महादेव दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो आणि दर्शनाला जाणारे वेळ विचारूनच निघतात. तोच नियम इथे. मात्र खंभातच्या आखातात मही-नर्मदेचा गाळ इतका येतो की प्रवाळ तिथे जगूच शकत नाही. म्हणून घराजवळचा समुद्र सोडून चारशेहून जास्त किलोमीटर जायचं.

अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं, म्हणजे पाणी चढतंही जास्त आणि उतरतंही जास्त. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा फरक कमी. पण ऐन पौर्णिमेला या भागात ओहोटीची वेळ, म्हणजे पाणी सर्वांत खाली असण्याची वेळ, साधारण सूर्योदयाच्या सुमाराला येते, अर्धवट उजेडात. ओहोटी रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे द्वितीया ते चतुर्थी हे दिवस सर्वांत सोयीचे: ओहोटी सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान आणि पाणी अजून उधाणाचंच. अष्टमीची ओहोटी दुपारी येते, वेळ छान वाटते, पण पाणी पुरेसं हटत नाही. फसगत होते ती इथेच.

दिवाळीचं गणित म्हणूनच जुळतं. लक्ष्मीपूजन अमावास्येला, म्हणजे भाऊबीज ते चतुर्थी हे दिवस ओहोटीला उत्तम. अडचण एकच, त्या आठवड्यात अख्खा गुजरात द्वारकेच्या रस्त्यावर असतो. गर्दी नको असेल तर त्रिपुरी पौर्णिमेनंतरची द्वितीया-तृतीया धरा.

कोकणात भरतीची वेळ काढायला ‘तिथीची पाऊणपट’ करतात. तो हिशोब तिकडच्या किनाऱ्याचा, इथे मिनिटांसाठी त्यावर विसंबू नका. भरती आखाताच्या तोंडाशी ओख्याला आधी येते आणि आत कांडल्याला सुमारे दोन तासांनी. नरारा या दोहोंच्या मधे, वाडीनारजवळ. वेळ वाडीनार किंवा सिक्का बंदराची बघा, मुंबईची नाही. फोनवर चौकशी करताना ‘ओहोटी’ म्हणू नका, गुजरातीत तिला ‘ओट’ म्हणतात: ‘ओट केटला वागे?’ एवढं पुरतं.

आता पावसाचं. जून ते सप्टेंबर हा बेत करूच नये. समुद्र खवळलेला, पाणी चहासारखं, आणि पावसाळ्यात उद्यानात प्रवेश सुरू आहे की नाही हे जामनगरच्या वनखात्याच्या कार्यालयात विचारूनच ठरवावं लागतं. पावसाळी सहल म्हणजे इथे ऑक्टोबर-नोव्हेंबरची, परतीचा किंवा अवकाळी पाऊस अंगावर घेत केलेली. हलक्या सरीने फारसं बिघडत नाही. उलट उन्हाचा ताप कमी होतो आणि डबक्यांवरची चकाकी जाते.

बिघडतं ते तीन गोष्टींनी. एक, विजा. ओहोटीतला प्रवाळ म्हणजे मैलभर सपाट ओलं पटांगण आणि त्यावर सर्वांत उंच वस्तू तुम्ही. गडगडाट ऐकू आला की परत फिरायचं, छत्री मिटूनच. दोन, वारा. किनाऱ्याकडे जोराचा वारा असेल तर तो पाणी आत दाबून धरतो, हवेचा दाब कमी असेल तर पातळी आणखी वर राहते. कोष्टकात ओहोटी असते, समोर दिसत नाही. तीन, गाळ. वारं सुटल्यावर ढवळलेलं पाणी निवळायला एखाद-दोन दिवस लागतात. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा असल्याची बातमी असेल तर बेत सरळ पंधरा दिवस पुढे ढकला.

प्रवासाला सौराष्ट्र मेल वडोदऱ्याहून थेट जामनगरला नेते. गाडीने जायचं तर अहमदाबादेत न शिरता वासद, तारापूर, बगोदरा, लिंबडी, चोटिला, राजकोट, ध्रोळ असा रस्ता धरा. सात-आठ तास मोजा, पावसात त्याहून जास्त. मुक्काम आदल्या रात्री जामनगरलाच हवा. पहाटे बडोद्याहून निघून सकाळची ओहोटी गाठता येत नाही. जामनगरहून नरारा साठेक किलोमीटर, द्वारकेच्या रस्त्याने रिफायनरीच्या बाजूने. सगळ्यांची ओळखपत्रं जवळ ठेवा, परवाना काढताना लागतात. आणि स्थानिक वाटाड्या घ्याच. मुद्दा पैसे वाचवण्याचा नाही, चिखल कुठे कमरेपर्यंत आहे हे त्यालाच माहीत असतं.

पायात नाडीचे जुने कॅनव्हासचे बूट, जाड मोज्यांसह. चपला चिखलात रुततात आणि तिथेच राहतात, उघड्या पायाला कालवांच्या कडा पात्यासारख्या कापतात. छत्रीपेक्षा टोपीचा रेनकोट बरा, हात मोकळे राहतात. माणशी दीड लिटर पाणी, कारण वाटेत काही मिळत नाही. चिवडा न्यायचा तर झाकणाच्या डब्यात, नाहीतर दमट हवेत दहा मिनिटांत त्याचा चिवडा राहत नाही. आणि एक युक्ती: पारदर्शक, सपाट बुडाचा प्लास्टिकचा डबा. पावसाच्या थेंबांनी डबक्यावर सुरकुत्या पडतात आणि खालचं काही दिसत नाही. डब्याचं बूड बोटभर पाण्यात दाबून वरून बघा, तळ काचेसारखा स्वच्छ दिसतो.

ओहोटीच्या वेळेच्या दोन तास आधी काठावर हजर राहा. उतरत्या पाण्यामागून चालत जायचं आणि पाणी सर्वांत खाली असेल तेव्हाच परत फिरायचं. ‘अजून तर कोरडंच आहे’ हे वाक्य धोक्याचं. पाणी सहा तासांत चढतं, पण सारख्या गतीने नाही. बारा भाग धरले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन. उधाणाचा फरक ओख्याला तीनेक मीटर, कांडल्याला सहाच्या आसपास. मधे चार-पाच मीटर धरले तरी तिसऱ्या एका तासात मीटर-सव्वा मीटर पाणी वाढतं. शिवाय ते समोरून येत नाही. मागच्या खोलगट वाटा आधी भरतात आणि तुम्ही उभे असता ती जागा कोरडीच असते.

सुरुवातीला तिवरांची झाडं लागतात (इकडे ‘चेर’), चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या तिथेच दिसतात. पुढे डबक्यांत समुद्रफुलं, तारामासे, समुद्री काकड्या, खेकडे, मेंदूच्या वळ्यांसारखा प्रवाळ. ऑक्टोपस शोधायचा तर खडकातलं भोक बघा ज्याच्या तोंडाशी रिकाम्या शिंपल्यांचा ढीग आहे, आणि पाच मिनिटं न बोलता उभं राहा. मुलांना हे सर्वांत कठीण जातं. चालताना पाय प्रवाळावर न देता वाळूवर, आणि पाण्यातून जाताना उचलून न टाकता घसटत न्या. वाळूत दडलेला पाकट मासा चाहूल लागून निघून जातो, थेट पाय पडला तर नांगी मारतो.

हात लावायचा नाही, वाटाड्याने उचलून दिलं तरी. केंड मासा फुगतो तो जीव घाबरल्यामुळे, फोटोसाठी नाही. समुद्री काकडीला फार त्रास झाला तर ती स्वतःची आतडी बाहेर टाकते. मेलेला प्रवाळ किंवा शंखही पिशवीत घालू नका. प्रवाळ आणि समुद्री काकडीला वन्यजीव कायद्याचं वाघाइतकंच संरक्षण आहे, आणि रिकाम्या शंखात बहुतेक वेळा साधूखेकड्याचा संसार असतो.

प्रवाळाने कापलं तर जखम लहान दिसली तरी चिघळते. गोड्या पाण्याने आणि साबणाने घासून धुवा, मग औषध, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालं ते तपासा. पाकटाने मारलं तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून दवाखाना गाठा. जेलीफिशचे धागे चिकटले तर समुद्राच्याच पाण्याने धुऊन चिमट्याने काढा. गोडं पाणी ओतलं तर उरलेले डंख फुटतात आणि आग वाढते.

पावसाने सकाळ वायाच गेली तर जामनगरजवळचं खिजडिया पक्षी अभयारण्य हाताशी आहे. 2022 मध्ये ते रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालं. हिवाळ्याच्या तोंडावर तिथे करकोचे उतरू लागतात, आणि त्यांना ओहोटीचं वेळापत्रक लागत नाही. पण शक्य असेल तर मुक्काम एक दिवस वाढवा: दुसऱ्या दिवशीची ओहोटी पन्नास मिनिटं उशिरा असेल, तेवढी झोप जास्त.

मुक्कामावर आल्यावर बूट, कॅमेऱ्याचं कव्हर आणि रेनकोटच्या चेन गोड्या पाण्यातून काढा. बडोद्याला पोचेपर्यंत तशाच राहिल्या तर मीठ बसून चेन अडकतात. गाडी नेली असेल तर खालून धुऊन घ्या.