दहशतवादी हल्ल्याला ‘युद्धकृत्य’ म्हणता येते का, हे कसे तपासावे

मोठा दहशतवादी हल्ला झाला की ‘हे युद्धच आहे’ असे वाक्य तासाभरात ऐकू येते. त्यामागचा संताप समजण्यासारखा असला, तरी ते वाक्य कोणत्या कायद्याच्या आधारे बोलले जात आहे, हे आधी ठरवावे.

देशांतर्गत फौजदारी कायद्यात ‘भारत सरकारविरुद्ध युद्ध पुकारणे’ हा व्यक्तीचा गुन्हा आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम १२१ मध्ये होता, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १४७ मध्ये आहे. २६/११ प्रकरणी अजमल कसाब या कलमाखालीही दोषी ठरला. परंतु त्या निकालावरून पाकिस्तान या राज्याने भारताशी युद्ध केले, असा निष्कर्ष काढणे ही या विषयातली सर्वांत नेहमीची चूक आहे. न्यायालयासमोर आरोपी होता, देश नव्हे.

देशांमधला प्रश्न असेल तर संयुक्त राष्ट्रांची सनद उघडावी. तिच्या अनुच्छेद ५१ नुसार स्वसंरक्षणाचा हक्क ‘सशस्त्र हल्ला’ झाल्यावर मिळतो, म्हणून ‘युद्धकृत्य’ या शब्दापेक्षा ‘सशस्त्र हल्ला’ हा शब्द महत्त्वाचा. येथे दोन गोष्टी पाहाव्यात: हल्ल्याची तीव्रता आणि त्यामागचा हात. निकाराग्वा विरुद्ध अमेरिका या १९८६ च्या निकालात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने म्हटले की, एखाद्या राज्याने सशस्त्र टोळ्या सीमेपलीकडे पाठवल्या आणि त्यांच्या कृत्याची व्याप्ती व परिणाम नियमित सैन्याच्या हल्ल्याइतके असतील, तर तो सशस्त्र हल्ला ठरू शकतो. मात्र बंडखोरांना केवळ शस्त्रे किंवा रसद पुरवणे बेकायदा असूनही त्या पायरीवर पोहोचत नाही. ‘आश्रय दिला’, ‘प्रशिक्षण दिले’ आणि ‘पाठवले’ या क्रियापदांतला फरक म्हणूनच बारकाईने वाचावा, कारण पुराव्याची खरी लढाई तिथेच होते.

११ सप्टेंबर २००१ नंतर हे चित्र बदलले. सुरक्षा परिषदेने ठराव १३६८ मध्ये स्वसंरक्षणाच्या हक्काचा उल्लेख केला आणि नाटो या लष्करी आघाडीने एका सदस्यावरचा हल्ला हा सर्वांवरचा हल्ला मानणारा आपल्या करारातला अनुच्छेद ५ प्रथमच लागू केला. यजमान देश टोळ्यांना रोखण्यास असमर्थ किंवा अनिच्छुक असेल तर त्याच्या भूमीवर कारवाई करता येते, असा युक्तिवाद तेव्हापासून बळावला. तो सर्व देशांना मान्य मात्र नाही.

हल्ला या कसोटीवर उतरला तरी प्रत्युत्तर आवश्यक आणि प्रमाणशीर असावे लागते. म्हणून सरकारची शब्दयोजना पाहावी. २०१९ मध्ये भारताने बालाकोटच्या कारवाईला ‘असैनिकी, प्रतिबंधात्मक’ म्हटले, तर मे २०२५ मध्ये यापुढचे कोणतेही दहशतवादी कृत्य भारताविरुद्धचे युद्धकृत्य मानले जाईल, अशी भूमिका सरकारी सूत्रांनी मांडली. माझ्या मते ही धोरणाची घोषणा आहे. तिने वरच्या कसोट्या रद्द होत नाहीत.

शेवटी जिनिव्हा करारांचा, म्हणजे युद्धकैदी, जखमी आणि नागरिकांना संरक्षण देणाऱ्या करारांचा, प्रश्न वेगळा ठेवावा, कारण दोन देशांमध्ये प्रत्यक्ष सशस्त्र संघर्ष सुरू झाला की, युद्ध कोणी जाहीर केलेले नसले तरी ते लागू होतात. फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानच्या ताब्यात गेलेल्या वैमानिकासाठी भारताने या कराराचा दाखला दिला. कसाबचा खटला मात्र आर्थर रोड तुरुंगातल्या विशेष न्यायालयात, नेहमीच्या फौजदारी कायद्यानेच चालला.