डोंगरवाटेवरची टिपणवही, आणि घर बदलताना तिचं काय करायचं

सॅकमध्ये ठेवलेली वही चढणीवर बाहेर निघत नाही. म्हणून ती खिशात मावणारी हवी: पोस्टकार्डाएवढी, शिवलेल्या बांधणीची. स्पायरलची तार खिशात वाकून पानं फाडते, आणि नुसत्या गोंदावरची पानं पावसाळी हवेत सुटतात. सोबत लाकडी टूबी (2B, मऊ शिशाची) पेन्सिल, दोऱ्यानं वहीला बांधलेली. जेल पेनाची शाई पाण्यात पसरते, बॉलपेन ओलसर कागदावर उठत नाही, एचबीचं कडक टोक त्याच कागदाला चरे पाडतं.

प्रत्येक थांब्यावर आधी वेळ आणि ठिकाण, मग दिसलेलं. खिरेश्वरहून हरिश्चंद्रगडाला निघालात, तर तोलार खिंडीतली नोंद अशी असावी: ‘७.४०. खिंड. वाघाचं शिल्प. पलीकडची वाट कोथळ्याकडे उतरते, गडाची रेलिंगच्या कातळावरून.’ ‘निसर्गरम्य परिसर’ लिहिलंत तर सहा महिन्यांनी त्यातून काहीही हाती लागत नाही. कारवीच्या झुडपांत शिरल्यावर वारा पडला, की कड्यापाशी आल्यावर अचानक लागला, हे मात्र लागतं.

फाटा आला की पुढे न जाता मागे वळून बघा. परतताना दिसणार आहे ते तेच दृश्य. खूण अशी निवडा जी हलत नाही आणि पावसात झाकली जात नाही. चढताना एकच वाटणारी वाट उतरताना दोन होते, आणि जास्त मळलेली वाट बऱ्याचदा ढोरवाट निघते, जी पाण्यापाशी किंवा चराईच्या पठारावर संपते.

वाट विचारण्यातही मेख आहे. ‘ही गडावरच जाते ना?’ असं विचारलं की समोरचा भिडेखातर ‘हो’ म्हणतो. ‘मामा, ही वाट कुठं जाते?’ असं विचारावं. अंतर विचारू नये, ‘हाये की इथंच’ हे उत्तर ठरलेलं. ‘तुम्हाला किती वेळ लागतो?’ विचारा आणि आलेला आकडा निदान दीडपट करा. टेपाडाचं, ओढ्याचं नाव मिळालं तर ते ऐकलं तसंच लिहा आणि कोणत्या वाडीत ऐकलं तेही. नकाशातलं नाव वेगळं असू शकतं.

वेळेच्या अंदाजाला स्कॉटिश गिर्यारोहक नाइस्मिथचा १८९२ सालचा नियम आहे: दर ५ किलोमीटरला १ तास, वर दर ६०० मीटर चढाईला आणखी १ तास. सह्याद्रीत हा हिशेब हमखास कमी पडतो, कारण तो उतार फुकट धरतो. घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या दगडमातीच्या निसरड्या उतारावर, उतरायला चढण्याइतकाच वेळ जाऊ शकतो.

घरी आल्यावर त्याच रात्री नोंदी उलगडून लिहा. ‘काळा द., डावी’ म्हणजे काय, हे तिसऱ्या दिवशी तुम्हालाच कळत नाही.

आता घर बदलणं. वह्यांचं सर्वांत मोठं नुकसान इथे होतं, तेही बहुधा प्लॅस्टिकमुळे. दमट वही पिशवीत घट्ट बंद केली की आतल्या आत बुरशी धरते. आधी दोन-तीन दिवस सावलीत, पंख्याखाली, पानं उघडी ठेवून सुकवा. उन्हात पुठ्ठा वाकतो. मग लहान खोक्यात उभ्या लावा, सिलिका जेलच्या पुड्या टाका. कडुनिंबाचा पाला घालायचा तर पूर्ण वाळलेला, ओला पाला उलट दमटपणा वाढवतो. खोक्यावर वर्षं आणि डोंगर लिहा. हे खोकं टेम्पोत नको, स्वतःजवळ ठेवा.

नव्या घरात बाहेरच्या भिंतीला टेकवून कपाट लावू नका, चार बोटं जागा सोडा. कसर अंधाऱ्या, न हलवलेल्या कोपऱ्यात लागते, तेव्हा वर्षातून दोनदा वह्या चाळा. चाळताना कारवीच्या नोंदी बघा. ती साधारण सात वर्षांनी फुलते. मागचा फुलोरा कोणत्या डोंगरावर, कोणत्या साली पाहिला हे त्यात सापडलं, की पुढची फेरी केव्हा आखायची ते आपोआप ठरतं.