घरच्या घरी डबल साइड पीसीबी

टोनर ट्रान्सफर (लेझर प्रिंटची शाई इस्त्रीने तांब्यावर उठवणं) आणि एचिंग (नको असलेलं तांबं द्रावणात विरघळवणं) जमत असेल, तर डबल साइड पीसीबीत, म्हणजे दोन्ही बाजूंना तांबं असलेल्या सर्किट बोर्डात, नव्या अशा दोनच गोष्टी असतात: दोन्ही बाजूंची पॅड (सोल्डर करायच्या तांब्याच्या टिकल्या) एकमेकांवर बसवणं, आणि भोकांना आतून तांब्याचा मुलामा नसताना दोन्ही बाजू जोडणं. दुसरीचा विचार डिझाइन करतानाच करावा लागतो.

आयसी सॉकेट, रिले, कनेक्टर, उभे कॅपॅसिटर यांच्या पायांना वरच्या, म्हणजे पार्ट बसतात त्या बाजूने ट्रॅक (तांब्याची पट्टी) नेऊच नका. पार्ट बसला की त्याच्याखाली सोल्डरिंग आयर्नचं टोक शिरत नाही. ट्रॅक खालच्या बाजूने जरा बाहेर काढा, तिथे व्हाया (दोन्ही बाजू जोडणारं भोक) द्या आणि मग वर आणा. रेझिस्टरचा पाय दोन्हीकडून सोल्डर होतो, तो फुकटचा व्हाया. व्हायाचं पॅड 2 मिमी, भोक 0.8 मिमी, ट्रॅक 0.5 मिमी, दोन ट्रॅकमध्ये 0.4 मिमी अंतर ठेवा. पॅड मोठं असलं की जुळणी थोडी चुकली तरी निभावतं.

पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, बोर्ड घेताना ग्लास इपॉक्सीच मागा, 1.6 मिमी जाडीचा. हायलम (कागद आणि फिनॉलिक रेझिनचा बोर्ड) स्वस्त पडतं, पण दोन-तीनदा आयर्न लागलं की त्याचं पॅड उचलतं.

लेझर प्रिंट ग्लॉसी कागदावर, टोनर सेव्ह बंद ठेवून. वरची बाजू मिरर करून, खालची तशीच. इथे गल्लत झाली तर आयसीचे पाय उलटे येतात. दोन्ही प्रिंट एकाच प्रिंटरवर, कागदाची दिशा एकच ठेवून काढा, कारण उष्णतेने कागद थोडा आक्रसतो.

दोन कागद समोरासमोर धरून त्यांचा लिफाफा करण्याची पद्धत पाच-सहा सेंटीमीटरच्या बोर्डापर्यंत ठीक. त्याहून मोठ्या बोर्डाला एकेक बाजू करणंच बरं. बोर्ड बारीक पॉलिश पेपरने घासून अॅसिटोनने पुसा. खालच्या बाजूची प्रिंट इस्त्रीने तांब्यावर उठवा: कॉटनवर, वाफ बंद, तीन-चार मिनिटं, कडांवर जास्त दाब. मग साबणाच्या पाण्यात वीस मिनिटं भिजवून कागद अंगठ्याने चोळून काढा. तुटलेला ट्रॅक परमनंट मार्करने भरा. वरच्या तांब्यावर पॅकिंग टेप लावून एचिंग करा.

आता फक्त चार कोपऱ्यांतल्या पॅडना 0.8 मिमी भोकं पाडा, ड्रिल काटकोनात धरून. तिरकं गेलं तर दुसरी बाजू तितकीच सरकेल. वरच्या प्रिंटमध्ये त्याच पॅडच्या मध्यावर टाचण्या खुपसा, त्या भोकांतून ओवा, कागद टेपने पक्का करा, टाचण्या काढा आणि इस्त्री फिरवा. दुसऱ्या एचिंगआधी झालेल्या बाजूला टेप लावा आणि चारही भोकं नेलपॉलिशने बुजवा, नाहीतर द्रावण भोकातून टेपखाली झिरपून तयार ट्रॅक खातं.

एचिंगच्या द्रावणासाठी फेरिक क्लोराइडचे खडे 100 ग्रॅम, कोमट पाणी 250 मिली. खडे पाण्यात थोडे थोडे टाका, पाणी खड्यांवर ओतू नका, द्रावण तापतं. 100 × 80 मिमीच्या बोर्डावर दोन्हीकडचं मिळून जेमतेम 5 ग्रॅम तांबं असतं, त्याला एवढं पुरतं. ट्रे प्लॅस्टिकचाच, हातमोजे हवेतच. डिसेंबरच्या थंडीत एचिंग रेंगाळतं आणि तोवर ट्रॅकच्या कडा कुरतडल्या जातात. ट्रे गरम पाण्याच्या परातीत ठेवा. बोर्ड तळाला टेकला की गाळ साचून डाग राहतात, म्हणून तांबं खाली तोंड करून, कोपऱ्यांना आधार देऊन ठेवा आणि ट्रे हलवत राहा. वापरलेलं द्रावण मोरीत ओतू नका, त्यात तांबं असतं. बंद प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेवा, पुन्हा चालतं.

टोनर अॅसिटोनने काढून उरलेली भोकं पाडा. ग्लास इपॉक्सी साधी बिटं लवकर बोथट करतं. कार्बाइड टिकतात, पण हातात धरलेल्या ड्रिलमध्ये मोडतात, त्यांना स्टँड हवाच. धूळ काचेची असते, मास्क लावा.

व्हाया सगळ्यात आधी. रेझिस्टरच्या कापलेल्या पायाचा तुकडा घाला, एका बाजूने किंचित वाकवा, सोल्डर करा, उलटवून दुसरीकडून सोल्डर करा आणि कापा. सुटी सरळ तार दुसरी बाजू तापवताना हमखास खाली पडते. पार्ट बसवण्याआधी प्रत्येक व्हाया मल्टिमीटरच्या बजरवर तपासा. सॉकेटखाली राहून गेलेला व्हाया नंतर सापडत नाही.