मॉरिशसमध्ये फिरताना आधी घड्याळ बघा, नकाशा नंतर

नकाशावर मॉरिशस बोटभर दिसतं. उत्तर-दक्षिण साधारण ६५ किलोमीटर, पूर्व-पश्चिम ४५. मुंबईहून नुकती उतरलेली मंडळी हिशेब करतात, अरे, मुंबई ते लोणावळा यापेक्षा जास्त आहे! मग दोन दिवसांत अख्खं बेट उरकायचा बेत ठरतो. सकाळी नैऋत्येचं शामारेल, दुपारी पूर्वेचं इल ओ सेर्फ बेट, संध्याकाळी उत्तरेचं ग्राँ बे. कागदावर सगळं बसतं. रस्त्यावर बसत नाही.

इथे अंतराचा त्रास नाही, वेळेचा आहे. सकाळी सगळं बेट राजधानी पोर्ट लुईकडे निघतं आणि दुपारी चारनंतर सगळं बेट पोर्ट लुईतून बाहेर पडतं. गावांकडच्या बस संध्याकाळी साडेसहाच्या आसपास संपतात. जून-जुलैत तर पावणेसहाच्या सुमारास सूर्य बुडतो. त्यामुळे नवीन आलेल्या प्रत्येकाला माझं सांगणं एकच असतं: कुठे जायचं हे नंतर ठरवा, परत किती वाजता आणि कशाने यायचं ते आधी ठरवा.

राहायची जागा निवडतानाच अर्ध्या प्रवासाचा निकाल लागतो. एबेनला, म्हणजे कचेऱ्यांच्या उपनगरात, नोकरीसाठी आला असाल तर रोझ हिल, कात्र बोर्न, वाक्वा असं मेट्रोच्या मार्गावरचं घर बघा. समुद्रकिनाऱ्यावरचं घर ऐकायला छान वाटतं, पण रोज सकाळी एम-वन हमरस्त्यावर रांगेत उभं राहिल्यावर त्यातली गंमत जाते. आठवडाभर फिरायलाच आला असाल तर गोष्ट वेगळी. थंडीच्या दिवसांत, म्हणजे आपल्याकडच्या पावसाळ्यात, आग्नेयेकडून जोराचे वारे येतात. तेव्हा पूर्व आणि दक्षिण किनारा गार आणि वाऱ्याचा, उत्तर आणि पश्चिम निवांत. ग्राँ बेला राहिलात तर उत्तरेकडचं सगळं हाताशी, दक्षिण मात्र दूर. फ्लिक आँ फ्लाकला राहिलात तर नैऋत्येचा डोंगराळ भाग जवळ. चार रात्री इकडे, चार रात्री तिकडे अशी वाटणी केली तर प्रवासाचा बराच वेळ वाचतो. हॉटेलवाले अर्थातच हे सुचवणार नाहीत.

विमानतळ बेटाच्या आग्नेय टोकाला, माहेबूरजवळ आहे. तिथून ग्राँ बे म्हणजे बेट जवळजवळ आडवं-उभं पार करायचं. मोकळ्या रस्त्यावर सव्वा तास, गर्दीत दोन. विमानतळावरून बस मिळते, पण मोठ्या बॅगा ठेवायला त्यात जागा नसते, आणि उत्तरेकडे जायचं तर पोर्ट लुईला उतरून बस बदलावी लागते. दोन बॅगा, एक लहान मूल आणि रात्रीचं विमान असेल तर बसचा विचारही करू नका. आधी ठरवलेली टॅक्सी घ्या, पोहोचा, झोपा. पैसे वाचवायचे ते दुसऱ्या दिवसापासून.

दुसऱ्या दिवशी हाताशी येते ती मेट्रो. आपल्या लोकलसारखी धावपळ डोक्यात ठेवू नका. ही ट्रामच्या जातीची, दारं हळू उघडणारी गाडी आहे. लार्सन अँड टुब्रोने बांधली, भारताच्या मदतीने. ऑक्टोबर २०१९ मध्ये उद्घाटन झालं, पहिला टप्पा पोर्ट लुई ते रोझ हिल, मग कात्र बोर्न, आणि २०२२ मध्ये क्यूरपीप. पुढच्या वर्षी रोझ हिलवरून एबेन आणि रेद्वीकडे फाटाही सुरू झाला. मार्ग बराचसा जुन्या रेल्वेचाच आहे. इथे १८६४ ला रेल्वे आली होती, १९६४ ला ती पूर्ण बंद केली. पंचावन्न वर्षांनी त्याच वाटेवर पुन्हा रूळ, हे इथले म्हातारे लोक मोठ्या चवीने सांगतात.

पोर्ट लुई ते क्यूरपीप मेट्रोने साधारण पाऊण तासात होतं, आणि रस्त्यावर कितीही गाड्या तुंबल्या तरी त्यात फरक पडत नाही. म्हणून राजधानीत जायचं असेल तर स्वतःची गाडी नेऊ नये, या मताचा मी आहे. तिथे पार्किंगसाठी कूपन लागतात, ती पेट्रोल पंपावर विकत घेऊन काचेवर लावायची असतात, आणि जागा शोधेपर्यंत बाजार अर्धा उठतो. क्यूरपीपला मात्र छत्री घेऊन जा. ते पठारावर आहे. खाली किनाऱ्यावर लख्ख ऊन असताना वर बारीक पाऊस आणि धुकं असू शकतं. स्टेशनवरून त्रू ओ सेर्फचं ज्वालामुखीचं विवर चालत गाठता येतं.

मेट्रोची मर्यादाही ओळखा. ती फक्त पठारावरची शहरं आणि राजधानी जोडते. ती समुद्रकिनाऱ्याला जात नाही, विमानतळाला जात नाही, उत्तरेला जात नाही. तिथून पुढे बस.

इथल्या बसबद्दल हॉटेलातले लोक नाक मुरडतात, पण माझं बसवर प्रेम आहे. मार्गांचं जाळं दाट आहे, भाडं कमी आहे. अगदी लांबच्या मार्गालाही शंभर मॉरिशस रुपये लागत नाहीत. हा रुपया भारतीय रुपयाच्या जवळजवळ पावणेदोन-दोन पट जड आहे, हे पहिले काही दिवस डोक्यात ठेवावं लागतं. बस काही सरकारी महामंडळाच्या, काही खासगी कंपन्यांच्या, काही एकेकट्या मालकांच्या. काही चकचकीत, काहींच्या खिडक्या हलवून हलवून उघडाव्या लागतात. थांब्यावर उभं राहून हात दाखवायचा, चढून बसायचं, कंडक्टर जागेवर येतो. त्याला ‘बोंझूर’ म्हणा, मग गावाचं नाव सांगा. सुटे पैसे ठेवा. तिकीट उतरेपर्यंत टाकू नका, तपासनीस मध्येच चढतो. उतरायच्या आधी घंटी दाबायची. नाही दाबलीत तर बस पुढे निघून जाईल आणि कोणाला वाईटही वाटणार नाही.

एक गोष्ट नीट समजून घ्या. पोर्ट लुईला दोन बस स्थानकं आहेत. व्हिक्टोरियावरून दक्षिणेकडच्या आणि पठाराकडच्या बस सुटतात, इमिग्रेशन स्क्वेअरवरून उत्तरेच्या. दोन्हींमध्ये पायी दहा-पंधरा मिनिटांचं अंतर. त्रियोले, ग्राँ बे, पाम्प्लेमूसची बाग, हे सगळं इमिग्रेशन स्क्वेअरवरून. आप्रवासी घाट त्याला लागूनच आहे. भारतातून करारावर आणलेले गिरमिटिया मजूर जिथे उतरले ती जागा, २००६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. बस यायला वेळ असेल तर पाहून घ्या, किंवा त्यासाठीच वेळ काढा. दक्षिणेकडे सूइयाक किंवा माहेबूरला जायचं तर क्यूरपीप हे मधलं जंक्शन. मेट्रोने क्यूरपीप, तिथून बस, हा माझा आवडता मार्ग. माहेबूरचा बाजार सोमवारी भरतो, कात्र बोर्नचा कपड्यांचा गुरुवारी आणि रविवारी. त्या दिवशी बस भरलेल्या येतात.

बसच्या पाटीवर ‘एक्सप्रेस’ लिहिलंय का ते बघून चढा. साधी बस प्रत्येक गावात वळसा घालते. घाई नसेल तर तीच घ्या, कारण उसाच्या शेतांमधून, देवळाच्या, मशिदीच्या, चर्चच्या दारावरून जाणारं मॉरिशस तिथेच दिसतं. भेटीला आलेले आई-बाबा हमखास विचारतात, ‘इथे ज्येष्ठांना सवलत आहे ना?’ आहे, २००५ पासून इथल्या ज्येष्ठांना आणि विद्यार्थ्यांना बस मोफत आहे. पण ती इथल्या नागरिकांना. पाहुण्या बाबांनी तिकीट काढायचं. आणि शाळा सुटायच्या वेळी बसमध्ये पाय ठेवायला जागा मिळणार नाही, तेव्हा दुपारी तीनच्या सुमारास ज्येष्ठांना घेऊन निघू नका.

रविवारी बस कमी. उलट त्याच दिवशी इथली घरंच्या घरं पातेल्यांसकट किनाऱ्यावर जातात. परतीची शेवटची बस किती वाजता, हे जाताना कंडक्टरलाच विचारून ठेवा. इंटरनेटवरचं वेळापत्रक सांगतं त्यापेक्षा त्याचा शब्द खरा.

टॅक्सीत मीटर असला तरी मीटरवर कोणी जात नाही. बसायच्या आधी भाडं ठरवायचं, आणि ठरवताना विचारायचं: एकेरी की जाऊन-येऊन? थांबण्याचे पैसे धरलेत का? गाडीचे की माणशी? लायसन्सवाल्या टॅक्सीच्या दारावर तिच्या तळाचं नाव लिहिलेलं असतं, म्हणजे ती कुठल्या गावची किंवा कुठल्या हॉटेलची ते कळतं. हॉटेलच्या तळावरची टॅक्सी महाग पडते. फाटकाबाहेर थोडं चालून गावातल्या तळावर गेलात तर आकडा उतरतो. बिनपरवान्याच्या गाडीला इथे ‘टॅक्सी मारों’ म्हणतात. स्वस्त पडते, लोक वापरतात, पण अपघात झाला तर विम्याचा पत्ता नसतो. पाहुण्यांना मी त्यात बसवत नाही. उबर-ओलाची सवय असणाऱ्यांनी ती विमानतळावरच सोडावी. चांगला चालक सापडला की त्याचा नंबर जपून ठेवा. इथे निम्मी कामं अशीच चालतात.

दिवसभरासाठी टॅक्सी ठरवणं हे चौघांच्या कुटुंबाला सगळ्यात परवडणारं. नैऋत्येकडचा फेरा, म्हणजे गंगा तलाव हे पवित्र तळं, ब्लॅक रिव्हर गॉर्जेसचे देखावे, शामारेल, ल मॉर्नचा डोंगर, असा एका दिवसात निवांत होतो. बसने हा फेरा करायला जाऊ नका. त्या बाजूला बस विरळ आहेत आणि एक चुकली की दिवस गेला. फक्त चालकाला आधीच सांगा की दुकानं दाखवायची नाहीत. नाहीतर जहाजांच्या प्रतिकृतींच्या, कपड्यांच्या आणि दागिन्यांच्या दुकानांत दोन तास जातील. त्याला तिथे कमिशन मिळतं, त्यात लपवाछपवी काही नाही.

स्वतः गाडी चालवायची असेल तर आपल्याला एक सोय आहे: इथेही डाव्या बाजूने चालवतात, स्टिअरिंग उजवीकडे. भारतातलं लायसन्स आणि शक्यतो आंतरराष्ट्रीय परवाना जवळ ठेवा; कायम राहायला आलेल्यांनी मात्र पोलिसांच्या ट्रॅफिक विभागात जाऊन आपल्या परवान्याचं काय करायचं ते लवकर विचारून घ्यावं. राउंडअबाउट खूप आहेत, आणि तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा नियम इथे खरोखर पाळतात. हॉर्न वाजवायची सवय मोडा. हमरस्त्यावर वेगमर्यादा जास्तीत जास्त ११० आहे, पण मध्येच ८० आणि ६० च्या पाट्या येतात आणि कॅमेरे तिथेच असतात.

हमरस्ता सोडला की रस्ते अरुंद होतात. कडेला पट्टा नाही, थेट खोल गटार. जून ते डिसेंबर ऊसतोडीचा हंगाम. उसाने लादलेले ट्रक समोर आले की मागे शांतपणे राहा. रात्री गावांमधून कुत्री रस्त्यावर बसलेली असतात. म्हणून पूर्ण मुक्कामासाठी गाडी भाड्याने घेण्याऐवजी दोन-तीन दिवसांपुरती घ्या, तीही दक्षिण आणि पश्चिमेसाठी. बाकीच्या दिवसांत ती हॉटेलच्या आवारात उभी राहते आणि भाडं चालू राहतं.

स्कूटर ग्राँ बे आणि फ्लिक आँ फ्लाकला मिळते. गावातल्या गावात ठीक. हमरस्त्यावर आणि पावसात नको. सायकल पहाटे, किनाऱ्याच्या रस्त्याने.

बोटींचं थोडक्यात. इल ओ सेर्फला जायला त्रू दो दूस गावातून बोटी सुटतात. धक्क्यावर चार जण तुम्हाला घेरतील. साधी ने-आण हवी की धबधबा, जेवण वगैरे सगळं, ते ठरवून मगच बोला. परतीची शेवटची बोट दुपारी उशिरा असते, ती वेळ विचारा आणि त्याआधी अर्धा तास धक्क्यावर या. वारा असेल त्या दिवशी खुल्या समुद्रातल्या फेऱ्या रद्द होतात. त्याबद्दल भांडू नये. ब्लू बेला काचेच्या तळाच्या बोटी आहेत, पोहता न येणाऱ्यांसाठी उत्तम.

आता दिनदर्शिका. महाशिवरात्रीच्या आठवड्यात हजारो लोक कावड घेऊन गंगा तलावाकडे पायी निघतात. तिकडचे रस्ते वळवलेले असतात, काही बंद असतात. त्या दिवसांत तिथे जायचं तर भाविकांसारखं चालत जा, नाहीतर नंतरच्या आठवड्यात जा. गणेश चतुर्थीला इथे सार्वजनिक सुट्टी असते. विसर्जनाच्या मिरवणुका नदीकडे आणि समुद्राकडे निघतात, त्या गावांमधून गाडी पुढे सरकत नाही. पण त्या दिवशी आपण मराठी माणसं कुठे पोहोचायच्या घाईत असतो?

नोव्हेंबर ते एप्रिल हे चक्रीवादळांचे दिवस. इशारे एक ते चार अशा पायऱ्यांनी येतात. पहिल्या इशाऱ्याला लोक पाणी-मेणबत्त्या भरतात. दुसऱ्याला तुम्ही मुक्कामाच्या जागी असलेलं बरं. तिसऱ्याला सगळं घरात आणि बस-मेट्रो बंद. चौथा म्हणजे ताशी १२० किलोमीटरचे झोत येऊन पोहोचले. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल वादळात पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या वाहून गेल्या. त्यामुळे नुसता जोराचा पाऊस असला तरी राजधानीच्या सखल भागात गाडी घेऊन शिरू नका. परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री शक्यतो माहेबूर किंवा ब्लू बेला मुक्काम हलवा. वादळाच्या महिन्यांत तर नक्कीच.

आणि कोणी विचारलंच की मॉरिशसच्याच रॉड्रिग्ज बेटाला कसं जायचं, तर ते ५६० किलोमीटर पूर्वेला आहे. विमानाने दीड तास. जहाज मिळालंच तर त्याला दीड दिवस लागतो. समुद्र लागत नसेल आणि सुट्टी भरपूर असेल तरच.