स्ट्रॉबेरीचा डीएनए काढताना या चुका टाळा

थंडीत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी बाजारात आली की शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात हा प्रयोग हमखास दिसतो: फळ कुस्करून साबण-मिठाच्या पाण्यात मिसळायचं, गाळायचं आणि रसावर गार अल्कोहोल सोडून डीएनएचा पांढरा पुंजका मिळवायचा. निवड उत्तमच. लागवडीच्या स्ट्रॉबेरीच्या पेशीत गुणसूत्रांचे ८ संच असतात, त्यामुळे डीएनए भरपूर निघतो. तरीही कितीतरी मुलांच्या हाती नुसतं गुलाबी पाणी लागतं आणि ती हिरमुसतात. ते पाहवत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

पहिली चूक मिठाची. १०० मिली पाण्यात दोन चमचे भांडी घासायचं लिक्विड घालतात आणि अर्धा चमचा मीठ विसरतात. डीएनएच्या कण्यातल्या फॉस्फेटवर ऋण प्रभार असतो, त्यामुळे रेणू एकमेकांना दूर लोटतात. मिठातला सोडियम हा प्रभार झाकतो, तेव्हाच ते एकत्र येतात.

दुसरी अल्कोहोलची. सॅनिटायझर नको, त्यात पाणी, ग्लिसरीन आणि जेल असतं. मेडिकलमधून ९० टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, फ्रीजरमध्ये गार करा (गॅसपासून लांबच ठेवा) आणि गाळलेल्या रसावर भांड्याच्या कडेने हळूच सोडा. दोन थर वेगळे दिसले पाहिजेत.

साबण घातल्यावर मिश्रण घुसळूही नका. लांबलचक रेणू तुटले की काडीला गुंडाळता येतील असे धागे मिळत नाहीत.

सगळ्यात मोठी चूक मात्र प्रयोग जमल्यावर होते. पांढरा पुंजका दिसला की मुलं सांगतात, ‘हा शुद्ध डीएनए, ही दुहेरी सर्पिल!’ डीएनए रेणूच्या या पिळदार शिडीसारख्या आकाराची, म्हणजे सर्पिलाची जाडी जेमतेम २ नॅनोमीटर, ती डोळ्यांना दिसणं शक्य नाही. दिसतो तो असंख्य रेणूंचा गुंता, आणि त्यात आरएनए (डीएनएचाच भाऊबंद रेणू), प्रथिनं आणि जॅम घट्ट करणारं पेक्टिनही असतं, कारण अल्कोहोलमध्ये पेक्टिनही साकळतं. बुळबुळीत, जेलीसारखे गोळे दिसले तर पेक्टिनचा संशय घ्यावा.

स्विस संशोधक फ्रीडरिश मीशरसमोर १८६९ मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगेनला हाच प्रश्न होता. जखमांच्या पट्ट्यांवरच्या पुवातून मिळालेला पदार्थ म्हणजे प्रथिनच तर नव्हे? त्याने डुकराच्या जठरातलं पेप्सिन हे पाचक विकर वापरलं. पेप्सिन अमिनो आम्लांना, म्हणजे प्रथिनांच्या घटकांना जोडणारे पेप्टाइड बंध तोडतं. प्रथिनं पचली, पण तो पदार्थ शिल्लक राहिला, आणि त्यात फॉस्फरस भरपूर सापडला. त्याने त्याला ‘न्यूक्लीन’ म्हटलं, तोच आपला डीएनए.

पेप्सिनऐवजी तुम्ही गाळलेल्या रसात ताज्या अननसाचा थोडा रस घालून दहा मिनिटं थांबू शकता. त्यातलं ब्रोमेलेन हे विकरही प्रथिनं तोडतं. डब्यातला रस चालत नाही. तो तापवलेला असतो आणि उष्णतेने ब्रोमेलेनची घडी उलगडते. पेप्टाइड बंध शाबूत राहतात, पण आकार गेला की कामही थांबतं. पेक्टिन मात्र याने जात नाही, म्हणून तक्त्यावर ‘शुद्ध डीएनए’ लिहू नका, ‘डीएनए, सोबत आरएनए, थोडी प्रथिनं आणि पेक्टिन’ असं लिहा.