इंटरव्हल आणि लॉन्ग रन दोन्ही करा, पण शेजारी शेजारी नको

हे लिहितोय ते आपल्यासारख्या लोकांसाठी, म्हणजे नोकरी, घर, पोरांची शाळा सगळं सांभाळून आठवड्यात ३५-४५ किमी पळणाऱ्यांसाठी, हाफ मॅरेथॉन (२१ किमी) दोन तास पाच-दहा मिनिटांत करणाऱ्या आणि "यंदा दोनच्या आत" म्हणणाऱ्यांसाठी. तुम्ही दीड तासात हाफ मारत असाल तर मीच तुम्हाला प्रश्न विचारायला हवेत.

आधी माझा मूर्खपणा. दोन वर्षांपूर्वी मला वाटलं की जास्त केलं की जास्त मिळतं, म्हणून मंगळवारी ट्रॅकवर ४०० मीटरचे १२ इंटरव्हल (म्हणजे फास्ट तुकडे, मध्ये थोडी विश्रांती), गुरुवारी टेम्पो (सलग, जरा दमवणाऱ्या स्पीडने), आणि रविवारी ग्रुपबरोबर १८ किमी, त्यात ग्रुपमधली दोन पोरं माझ्यापेक्षा बरीच फास्ट आणि मला मागे राहायची लाज, त्यामुळे तो लॉन्ग रन म्हणजे दर रविवारी एक रेसच. पहिले चार आठवडे भारी वाटलं, टायमिंग सुधारलं, अॅपवर लोकांनी अंगठे दिले. सहाव्या आठवड्यात उजव्या नडगीच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं, बोटाने दाबलं की एकाच जागी कळ. पाच आठवडे पळणं बंद, नुसती सायकल.

नंतर कळलं ते एवढंच की दम लवकर वाढतो आणि हाडं, टाचेची शीर, पोटरी हे सगळं सावकाश तयार होतं. दम काही आठवड्यांत सुधारतो, बाकीच्यांना महिने लागतात, आणि मधल्या काळात तुम्हाला वाटतं आपण फिट झालोय आणि नडगी म्हणते मला कुणी विचारलं?

तर मुख्य नियम हा: आठवड्यात जड दिवस दोनच. एक इंटरव्हलचा, एक लॉन्ग रनचा. हो, लॉन्ग रन जड दिवसातच धरायचा, स्लो पळालात तरी, कारण दोन तास पायावर उभं राहणं हेच जड आहे. इंटरव्हलनंतर लॉन्ग रनच्या आधी किमान दोन दिवस इझी किंवा सुट्टी. माझं सध्या असं चालतं: मंगळवारी ट्रॅक, बुधवारी सुट्टी किंवा नुसतं चालणं, गुरुवारी ८ किमी इझी, शुक्रवारी ६ किमी इझी आणि शेवटी १०० मीटरचे चार-पाच मोकळे स्ट्राइड्स (जोर न लावता जरा फास्ट पळणं), शनिवारी सुट्टी, रविवारी लॉन्ग. सोमवारी जमलं तर अर्धा तास रमतगमत, नाही जमलं तर नाही. टेम्पो करायचाच असेल तर तो इंटरव्हलच्या जागी करा, त्याच्या जोडीला नको.

आता इझी म्हणजे किती इझी, इथेच सगळे गंडतात. बरोबर कुणी असेल तर काल रात्री काय जेवलो, भाजीत मीठ कसं होतं हे त्याला सविस्तर सांगता आलं पाहिजे. एकटे असाल तर एकोणिसाचा पाढा मोठ्याने म्हणून बघा, मध्येच धाप लागून तुटला तर तुम्ही फास्ट आहात (पाढाच येत नसेल तर तो वेगळा विषय). माझा इझी पेस किलोमीटरला ६:५० ते ७:१० मिनिटं आहे आणि सुरुवातीला अक्षरशः लाज वाटायची, पहाटे फिरायला आलेले काका बरोबरीने चालतात की काय असं वाटायचं. पण इझी दिवस अर्धवट फास्ट पळालं की मंगळवारी पाय दगड होतात, मग इंटरव्हलही धड होत नाहीत, आणि सगळा आठवडा एकाच मधल्या स्पीडला जातो. असं सहा महिने पळून टायमिंग तिथंच असलेली कितीतरी माणसं मी बघितलीत, मी स्वतः त्यातलाच.

इंटरव्हलचा पेस मनाने ठरवू नका, ताज्या ५ किमीच्या टायमिंगवरून काढा. समजा तुमचं ५ किमी २७ मिनिटांत होतं, म्हणजे किलोमीटरला ५:२४. मग ४०० मीटर साधारण २:१० आणि ८०० मीटर ४:१९ मध्ये. एवढंच, ह्याहून फास्ट नको. एका सेशनमधलं फास्ट अंतर आठवड्याच्या एकूण किमीच्या ८-१० टक्क्यांपर्यंत ठेवा, म्हणजे ४० किमी पळत असाल तर तीन-चार किमी, म्हणजेच ८०० चे चार किंवा पाच. दोन रिपीटच्या (फास्ट तुकड्यांच्या) मध्ये अडीच मिनिटं हळू जॉग किंवा चालणं. आधी १५ मिनिटं वॉर्मअप, शेवटी १० मिनिटं कूलडाऊन, आणि ऑफिसला उशीर होतोय म्हणून वॉर्मअप कापायचा नाही, त्यापेक्षा एक रिपीट कापा.

चांगलं सेशन कसं दिसतं सांगतो. ८०० चे पाच करायचेत. वाईट सेशन असं: पहिला ४:०२, कारण पाय ताजे आणि शेजारी कुणीतरी पळत होतं, दुसरा ४:१०, तिसरा ४:२४, चौथ्याला ४:४० आणि गुडघ्यावर हात ठेवून उभा, पाचवा सोडून दिला. चांगलं असं: ४:२०, ४:१९, ४:१८, ४:२०, ४:१८. बघायला कंटाळवाणं. संपल्यावर वाटलं पाहिजे की अजून एक झाला असता, आणि तो एक करायचा नाही.

ट्रॅकवर अजून एक गंमत. ४०० मीटर फक्त सगळ्यात आतल्या लेनमध्ये असतात, बाहेर गेलं की प्रत्येक लेनला साडेसात मीटरच्या वर अंतर वाढतं, आठव्या लेनमध्ये एक राउंड साडेचारशेच्या पुढे जातो, मग लोक म्हणतात आज स्लो झालं. घड्याळाचं जीपीएसही वळणावर काहीही दाखवतं, त्यामुळे तिथे सरळ स्टॉपवॉच वापरा. ट्रॅक नसेल तर रस्त्यावर तीन मिनिटं फास्ट, दोन मिनिटं स्लो असं पाच-सहा वेळा, काही बिघडत नाही. पावसाळ्यात शेवाळलेल्या रस्त्यावर तर इंटरव्हल नकोच, चढ शोधा आणि एक-एक मिनिट वर पळून चालत खाली या. साताऱ्याची हिल हाफ करणाऱ्यांनी तसंही चढच करावेत, तिथे अर्धी रेस घाट चढायचा आणि अर्धी उतरायचा आहे, आणि मांड्या फुटतात त्या उतरताना.

लॉन्ग रनचं गणित: आठवड्याच्या एकूण अंतराच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. तीन दिवसच पळत असाल तर थोडं वर जाणारच, ठीक आहे. दर आठवड्याला एखाद किमी वाढवा, चौथ्या आठवड्यात कमी करा, उदाहरणार्थ १३, १४, १५, मग ११, मग परत १५ पासून. हाफसाठी १८-१९ पर्यंत गेलात तरी पुरे. दीड तासाच्या वर पळणार असाल तर बरोबर पाणी आणि खजूर किंवा चिक्की ठेवा. नंतरची मिसळ मी कुणाला सोडायला सांगणार नाही, पण मिसळीच्या आधी अर्धा लिटर पाणी प्या.

ह्या दोन्हींचा तोल खरा बदलतो तो रेस जवळ येते तसा. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनमधल्या हाफची तयारी असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये इंटरव्हलला मान द्या, लॉन्ग रन साधा ठेवा. डिसेंबरमध्ये उलटं करा, लॉन्ग रनचे शेवटचे ४-५ किमी रेस पेसने आणि त्या आठवड्यात मंगळवारचे ८०० पाचाऐवजी तीनच. एका बाजूला वजन टाकलं की दुसरीकडून काढायचं, दोन्हीकडे टाकलं की माझ्यासारखी सायकल. आणि मुळात नवीन असाल, सलग पाच किमीच जेमतेम होत असेल, तर पहिले दोन महिने इंटरव्हल विसरा, इझी आणि स्ट्राइड्स बास.

लोक मग मोठी नावं काढतात. चेकोस्लोव्हाकियाचा झाटोपेक ढिगाने ४०० मारायचा आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये ५०००, १०००० आणि आयुष्यातली पहिलीच मॅरेथॉन, तिन्ही जिंकला. उलट न्यूझीलंडचा कोच लिडियार्ड, त्याने ८०० मीटरवाल्या पीटर स्नेलला रविवारी ३५ किमी पळवलं आणि तो १९६० ला रोम ऑलिम्पिकमधून गोल्ड घेऊन आला. आपला बीडचा अविनाश साबळे स्टीपलचेसवाला (३००० मीटर, अडथळे आणि पाण्यावरून उड्या मारत), पण २०२० मध्ये दिल्लीत हाफ पळाला तर १ तास ३० सेकंद. सगळं खरं, फक्त हे ऑलिम्पिकवाले आणि आपण साडेनऊच्या मीटिंगवाले.

आठवडा मोडणारच, लग्न आहे, गणपती आहेत, पोरगं आजारी आहे. मंगळवार चुकला तर बुधवारी करा, बुधवारही गेला तर सोडून द्या, शनिवारी इंटरव्हल आणि रविवारी लॉन्ग हा प्रकार अजिबात नको. दोन्हींतलं एकच जमणार असेल तर हाफवाल्याने लॉन्ग रन वाचवावा, १० किमीवाल्याने इंटरव्हल. सकाळी उठल्या उठल्या नाडी रोजच्यापेक्षा सात-आठने जास्त लागतेय, जिना चढताना पाय जड, झोप नीट नाही, तर त्या दिवशी जड काहीच नको. आणि हाडावर एकाच जागी दुखत असेल तर बर्फ लावून पळायचं नाही, डॉक्टर किंवा फिजिओला दाखवा.

रेसच्या दोन आठवडे आधी शेवटचा लॉन्ग रन १४ चा, एक आठवडा आधी ९-१०. रेसच्या आठवड्यात मंगळवारी फक्त ४०० चे चार, २:१० ने, मध्ये भरपूर आराम, आणि मग घरी. त्या दिवशी पाय इतके हलके असतात की दोन मिनिटांच्या आत मारायची खुमखुमी येते, तेव्हा घड्याळ दुसऱ्याच्या हातात द्या आणि त्याला ओरडायला सांगा.